शिलाईमावशींचा फोन तापतो

शिलाईमावशी तिसऱ्यांदा दुकानाची पायरी चढल्या तेव्हा माझ्यासमोर एक फोन उघडा पडला होता, चिमट्यात स्क्रू होता आणि काउंटरपाशी तीन-चार माणसं ‘झालं का, झालं का’ करत उभी होती. माझ्या कपाळावर आठी पडली. ती त्यांना दिसली असणार, कारण पिशवीतून फोन काढायच्या आधीच त्या म्हणाल्या की घाई काही नाही, तुझं होऊ दे.

मी कशी आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. माझ्या जिभेला हाड नाही. रस्त्यावरची माणसं माझ्यामागे मला ‘तिखट’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरासा अभिमानच होता. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बाई बसलेली दिसली की येणारा प्रत्येक जण विचारतो, दुकानदार कुठे आहेत. अशांना वठणीवर आणायचं तर बोलणं मऊ ठेवून चालत नाही. फक्त ही सुरी कुणावर चालवायची याचं भान सुटलं होतं, एवढंच. एवढंच कसलं म्हणा.

दुकान मूळचं बाबांचं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर, इस्त्र्या, जे बिघडेल ते त्यांनी या टेबलावर जुळवून दिलं. आता त्यांचा हात थरथरतो. म्हणून मी त्यांना काउंटरवर बसवलंय. फोन घ्यायचा, त्याला चिठ्ठी लावायची, चहा सांगायचा. फोनच्या आतल्या कशालाही हात लावायचा नाही हा माझा दंडक. तेवढं टेबल पुसणं आणि सुट्या केलेल्या भागांवरचा जुना गोंद खरवडणं मी त्यांच्याकडे ठेवलंय, कारण नुसतं बसवत नाही त्यांना. तेही मी नीट करू देते असं नाही. कुठे कणभर गोंद राहिला की मी भर गिऱ्हाइकांत ओरडते की बाबा, जुना राहिला तर नवा धरत नाही, किती वेळा सांगू.

शिलाईमावशींनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या माणसांच्या पहिल्या चड्ड्या त्यांच्याच हातच्या, माझा पहिला फ्रॉकसुद्धा. आता सांधे सुजून त्यांची बोटं आखडली आहेत. चिमूट म्हणून जुळत नाही. चार्जरची ती बारीक पिन फोनच्या भोकात घालणं त्यांच्या हातून होण्यातलं नाही, म्हणून मुलानं त्यांना बिनवायरचं चार्जिंग असलेला फोन आणि खाली ठेवायची ती गोल चकती आणून दिली होती. मावशी तिला ‘बशी’ म्हणतात. फोन बशीवर ठेवला की झालं. मुलगा लांब राहतो, रोज सकाळी फोन करतो, आणि त्याची एकच अट होती. फोन उचलला गेला पाहिजे. जोवर उचलतेस तोवर राहा एकटी, नाहीतर मी तुला माझ्याकडे नेणार. दुसरं काही तो ऐकून घेत नव्हता. मावशींचं घर, त्यांचं शिलाई मशीन आणि खिडकीतली जागा, सगळं त्या बशीवर टिकून होतं असं म्हटलं तरी चालेल.

तर तो फोन त्यांच्या हातून पडला, मागची काच तडकली आणि मी ती बदलून दिली. तेव्हापासून फोन बशीवर ठेवला की चार्ज व्हायला लागायचा, थोड्या वेळात चुलीवरच्या तव्यागत तापायचा आणि चार्जिंग बंद व्हायचं. मावशी शेजारणीला हाक मारून वायर लावून घ्यायच्या. शेजारीण पहिल्यांदा हसत आली, मग नुसती आली, मग तिनं ‘आत्ता हात ओले आहेत’ म्हणायला सुरुवात केली. मध्ये दोनदा सकाळी फोन बंद सापडला आणि मुलाचा धीर सुटत चालला.

पहिल्यांदा मावशी आल्या तेव्हा मी म्हटलं, कव्हर जाड आहे, काढून ठेवत जा. दुसऱ्यांदा म्हटलं, अॅडॅप्टर दुबळा असेल, बशीही पुसून घ्या, फोन एकदा बंद करून चालू करा. फोन न उघडता सांगण्यासारखं जे जे असतं ते सगळं सांगून झालं. फोन उघडून बघावा असं काही मनात आलं नाही. माझ्या हातचं काम, त्यात काय बघायचं?

तिसऱ्यांदा त्या बशीसकट आल्या. मी हातातलं काम आपटून बाजूला ठेवलं, बशी काउंटरवर जोडली आणि म्हटलं, ठेवून दाखवा बघू, कसा ठेवता ते. मावशींनी दोन्ही मनगटांत धरून फोन अलगद बशीवर टेकवला. मी म्हटलं, जरा डावीकडे. त्यांनी सरकवला. मी म्हटलं, डावीकडे म्हणजे डावीकडे, मावशी. काउंटरवरचा एक जण फिसकन हसला. गिऱ्हाईक हसलं की माझ्या अंगात येतं, हे माझं जुनं दुखणं. दिवा लागला, चार्जिंग सुरू झालं आणि सगळे बघत असताना फोन तापून पुन्हा बंद पडला. मी लगेच म्हटलं की बघा, हलवलात. त्या हळूच म्हणाल्या की हात तर मी केव्हाच काढून घेतला होता गं.

तेव्हा मी जे बोलले ते असं.

“मावशी, याला बोटं नसली तरी चालतं. डोकं लागतं.”

लोक हसले. चांगले मोकळेपणानं हसले. बाबा काउंटरच्या कोपऱ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, एकदा उघडून बघायचा का. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं की तुम्ही मध्ये बोलू नका. मावशींनी बशी पिशवीत घातली, फोन घातला, ‘बरं’ म्हणाल्या आणि पायरी उतरताना कुणाला उद्देशून कोण जाणे पण पुटपुटल्या की चुकत असेल माझं. मी पुन्हा स्क्रू उचलला. मला काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा दुकानात फोन आला. आईनं मला सगळं सांगितलं, असं त्यानं सुरुवातीलाच म्हटलं. हा आता भांडणार असं समजून मी कंबर कसून बसले. काच आम्ही बदलली, चार्जिंगची जबाबदारी आमची नाही, हे वाक्य जिभेवर तयारच होतं. पण तो भांडला नाही. फार सभ्य माणूस. त्यानं माझे आभार मानले.

“तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत, ताई. मी इतके दिवस घसा कोरडा करतोय, ऐकत नव्हती. तुमच्यासारख्या जाणकारानं सांगितलं की आपल्याला हे झेपत नाही, तेव्हा काल स्वतःच म्हणाली, ये आणि ने मला. उद्या गाडी घेऊन येतोय. मशीन तिथेच कुणाला तरी देऊन टाकू.”

मी ‘हो’ म्हटलं. फोन ठेवला आणि माझे कान तापले. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो, तरी मला कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं. मी असं म्हटलंच नव्हतं, असं मी बाबांना सांगायला लागले. झेपत नाही असा शब्द मी उच्चारला नव्हता, मी गंमत केली होती, लोक हसत होते म्हणून बोलले. बाबांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मावशींचा फोन होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि जवळच उभे राहिले. एरवी ते माझ्या टेबलाजवळ कधी उभे राहत नाहीत.

मी फोन तापवून मागची काच काढली. आत सगळं लखलखीत होतं. तांब्याच्या तारेचं ते चपटं वेटोळं, ज्यातून वीज येते, ते जागेवर होतं. ते उचलून उलटं केलं आणि दिव्याखाली धरलं. वेटोळ्याच्या पाठीमागे एक काळा, पातळ, ठिसूळ पापुद्रा असतो. दिसायला जळक्या कागदासारखा, पण त्याचं काम मोठं. बशीतून येणारी ताकद तो वेटोळ्यातच अडवून धरतो, मागच्या बॅटरीत आणि धातूत शिरू देत नाही. तो नसला की आतली बॅटरी भाजायला लागते आणि फोन जिवाच्या भीतीनं चार्जिंग तोडतो. इथे तो पापुद्रा नव्हता. कुणीतरी तो कणाकणानं खरवडून, वर स्पिरिटचा हात फिरवून जागा आरशासारखी करून ठेवली होती. एवढं निगुतीनं साफ करणारा माणूस आमच्या दुकानात एकच आहे.

मी विचारलं, “बाबा, इथला काळा पापुद्रा कुठे गेला?”

बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “तो गोंद नव्हता?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काच बदलली त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती आणि मी काम अर्धवट, वेटोळं टेबलावर सुटं टाकून दातांच्या डॉक्टरकडे पळाले होते. काच तापवून काढताना उष्णतेनं तो पापुद्रा तडकला होता, त्याचे पोपडे सुटले होते. बाबांच्या काळातल्या वस्तूंमध्ये असलं काही नसायचं. तिथे काळं आणि पोपडे आलेलं म्हणजे जुना गोंद किंवा जळकट, दोन्ही काढूनच टाकायचं. त्यांना वाटलं, हे असंच राहिलं तर पोरगी आल्यावर सगळ्यांसमोर ओरडेल. म्हणून थरथरत्या हातानं बसून त्यांनी ते काढलं, आणि चांगलं काढलं. मी आले, सुजल्या गालानं वेटोळं जागेवर दाबलं, उलटून बघितलं नाही, नवी काच चिकटवली, वायर लावून चार्ज होतंय एवढं पाहिलं आणि फोन देऊन टाकला. बशीवर ठेवून बघितलंच नाही. दुकानातली बशी कुठल्याशा खोक्यांखाली होती, कोण काढत बसणार! आणि नंतर त्या बाईला भर दुकानात शिकवत होते डावं-उजवं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तर फास ओढायला उभा.

मी बाबांना विचारलं की मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हाच तुमच्या लक्षात आलं होतं का. ते म्हणाले, नेमकं काय ते कळत नव्हतं, पण माझ्या हातून काहीतरी बिघडलं अशी शंका आली होती. तिसऱ्यांदा खात्री झाली.

“मग बोलला का नाहीत?”

ते टेबलाच्या कडेवरचा जुना गोंद नखानं खरवडत म्हणाले.

“तू मला काउंटरवरूनही उठवलं असतंस.”

मला वाटलं, आता मी काहीतरी म्हणेन. काय बोलता बाबा, असं कसं वाटलं तुम्हाला, असलं काहीतरी. पण ते खोटं ठरलं असतं, कारण मी उठवलंच असतं. मला माहीत होतं मी कसं उठवलं असतं, कोणत्या आवाजात, आणि तेव्हा काउंटरवर कोण कोण असतं तेसुद्धा. माझ्या बापानं मला भिऊन एका म्हातारीची मान खाली जाऊ दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बघून भंगाराच्या डब्यात हात घातला.

डब्यात त्याच जातीचा एक बुडून मेलेला फोन होता. त्याचं वेटोळं पापुद्र्यासकट धड निघालं. ते बसवलं, काच लावली, खोक्यांखालची बशी काढली आणि फोन तिच्यावर ठेवून मी समोर बसून राहिले. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हटलं. फोन चार्ज होत राहिला आणि हाताला गारच लागला. काम असं काही मोठं नव्हतंच. पहिल्याच खेपेला उघडला असता तर मावशी थांबूनच घेऊन गेल्या असत्या.

मी मावशींकडे निघाले तेव्हा बाबा म्हणाले की माझं नाव सांग. दुकान तुझ्यावर चालतं, तुझं नाव खराब व्हायला नको. मी म्हटलं, बंद करताना न बघणारी मी होते आणि बोलले तेही मीच. तुम्ही बसा. ‘बसा’ हा शब्द तोंडातून गेल्यावर मला तोही नको वाटला. रोज मी त्यांना तेच सांगते.

मावशींची खोली मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होते. खिडकीजवळ मशीन होतं, पण त्याच्यावर चादर टाकून सुतळीनं करकचून बांधलेलं होतं. कपड्यांचं एक गाठोडं, भांड्यांचं एक खोकं, भिंतीवरून काढलेलं घड्याळ त्याच्यावर उताणं. बांधाबांध शेजारणीनं करून दिली असं मावशी म्हणाल्या. मला त्यांनी एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला गेल्या. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून आणला. मी ते पाणी प्यायले, कारण प्यायल्याशिवाय बोलता येणार नव्हतं.

मग सांगितलं. पापुद्रा काय असतो, तो कसा गेला, मी कसं बघितलं नाही. बाबांचं नाव घेतलं नाही, दुकानातल्या चुकीनं गेला म्हटलं. तुमचं काहीही चुकत नव्हतं, तुम्ही बरोबर ठेवत होता, आणि मी सगळ्यांसमोर जे बोलले त्याची मला लाज वाटते, मला माफ करा. एवढी मोठी माफी मी आयुष्यात कुणाची मागितली नव्हती, म्हणून ती वेडीवाकडी झाली असेल, पण सगळी झाली. मला वाटलं, आता त्या रागावतील. मनातून हवंच होतं ते. दोन शब्द सुनावले असते तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, तुझं बोलणं मला लागलं नाही. पटलं.”

आणि मग त्यांनी मला समजावलं, अगदी मायेनं, जणू माझंच काही बिनसलं होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचार केला. दूध उतू गेलं होतं परवा. किल्ली एकदा दारालाच राहिली होती. मुलाच्या मुलीचं वय विचारलं तर पटकन आठवलं नव्हतं. एरवी हे सगळं चालून जातं, पण डोकं लागतं म्हटल्यावर एकेक आठवत गेलं. मी म्हटलं, मावशी, दूध माझंही उतू जातं. त्या म्हणाल्या, तुझं वेगळं गं.

मी फोन त्यांच्या बशीवर ठेवला, दिवा लागला, आणि तिथूनच मुलाला लावला. स्पीकर लावून आवाज मोकळा सोडला, त्यांना ऐकू यावा म्हणून. त्याला सगळं पुन्हा सांगितलं, आणि हेही की तुमच्या आईला झेपत नाही असं जे मी म्हटलं ते साफ खोटं होतं. त्यांना झेपत होतं, काम मला झेपलं नव्हतं. तो माझ्यावर चिडला असता तर बरंच होतं, पण तोही चिडला नाही. कदाचित त्यालाही कसंतरी झालं असेल. माझ्या शब्दावर त्यानंही किती चटकन विश्वास ठेवला होता.

“आई,” तो म्हणाला, “मग तू सांग. उद्या येऊ की नको?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

“हिला विचार,” त्या म्हणाल्या. “हिला कळतं त्यातलं.”

मी म्हटलं, मावशी, असं काय करता, घर तुमचं आहे, तुम्हीच बोला. त्यांनी मान हलवली आणि हसल्यासारखं केलं. मुलगा पलीकडून हॅलो, हॅलो करत होता. मी पुन्हा म्हटलं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. त्यांनी तोंड उघडलं, थांबल्या, आणि पुन्हा माझ्याकडेच बघितलं. दुकानात लोक निदान कुरकुरतात, उलट विचारतात, दुसऱ्या दुकानात जाऊन येतात. या बाईनं माझं म्हणणं देवाच्या शब्दासारखं घेतलं होतं आणि आता तिच्याकडे स्वतःचं म्हणणं उरलं नव्हतं. शेवटी मीच त्याला म्हटलं की येऊ नका. रोज सकाळी फोन करा, त्या उचलतील. फोनचं काही झालं तर मी इथे येऊन बघेन. तो ‘बरं’ म्हणाला. मावशीही ‘बरं’ म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर त्या उठून मशीनपाशी गेल्या आणि चादरीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मग ही दोरी सोडू का गं?” त्यांनी मला विचारलं.

मला हो म्हणवेना. मी खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसले आणि सुतळीची पहिली गाठ नखांनी उकलायला घेतली. शेजारणीनं दम लावून बांधलं होतं. गाठी फार होत्या, आणि मावशी शेजारी उभ्या राहून मी सांगेन त्याची वाट बघत होत्या.